उपरण्याखालचा हात

१

खंबाटकीच्या घाटात गाडी पाऊण तास एका जागी अडकली होती. तेवढ्या वेळात आबांनी अकरा वेळा विचारलं, "विशू, गाडी कुठं चाललीया रं?"

"कोरेगावला, आबा. आपल्या गावाकडं. फिरायला."

"बरं, बरं," असं म्हणून आबा पुढच्या ट्रकवरची पाटी वाचायला लागायचे. पाटी वाचून झाली की पुन्हा तोच प्रश्न.

शुक्रवार ते रविवार अशी सलग सुट्टी आली होती आणि सगळं पुणं महाबळेश्वरला निघालं होतं. पुढच्या गाडीतली पोरं खिडकीतून हात काढून नाचत होती. विश्वजीतला त्यांचा रागही येईना, कारण रागवायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. वय सत्तेचाळीस, चाकणला कारखान्यात सुपरवायझर, आणि गेली दोन वर्षं झोप म्हणजे काय ते विसरलेला. त्याचे वडील मानसिंग, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, एक्क्याऐंशीचे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. ते कधीही उठून दार उघडून चालू लागत, शेगडी पेटवून ठेवत, वारलेल्या बायकोला हाका मारत. विश्वजीत त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात गादी टाकून झोपायचा. झोपायचा कसला, कूस बदलत उजाडायची वाट बघायचा. बाहेर पडलं की डाव्या हातात आबांचं मनगट. त्या हाताला, त्या खांद्याला आता कायमची कळ लागली होती.

त्याची बायको राजेश्वरी दीड वर्ष निमूटपणे करत राहिली. मागच्या महिन्यात एकदा ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि तासभर उठलीच नाही. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

म्हणून हे फिरणं. रविवारी अकरा वाजता सांगलीत एका वृद्धनिवासात भेट ठरली होती. डिकीत दोन बॅगा होत्या. एकीत दोघांचे तीन दिवसांचे कपडे. दुसरीत आबांचं सगळं: स्वेटर, घोंगडी, पेन्शनचे कागद, फ्रेम केलेली पदकं. आबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी दहा मिनिटांत विसरले असते, आणि तेच कारण विश्वजीत स्वतःला देत होता. त्याला लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

२

कोरेगावातलं घर विकून वीस वर्षं झाली होती, तेव्हा मुक्काम लॉजवर. शनिवारी सकाळी तो आबांना घेऊन गावातून हिंडला. स्टेशन दाखवलं, शाळा दाखवली, जिथं घर होतं तिथलं मोबाईलचं दुकान दाखवलं. आबा प्रत्येक ठिकाणी पाहुण्यासारखे मान डोलवत होते.

"आबा, हे आपलं गाव."

"तुमचं आसंल. माझं न्हवं."

गावाबाहेर जत्रेचा जनावरांचा बाजार भरला होता. तिथं मात्र म्हातारा जागा झाला. खिलारी बैलांच्या रांगा बघून त्याची पाठ ताठ झाली. एका बैलाचा ओठ उचलून त्यानं दात बघितले आणि मालकाला सुनावलं, "दोन दात म्हणतोस व्हय रं? चार हायत." मालक ओशाळला, बाकीचे हसले. विश्वजीतला किती तरी दिवसांनी बाप दिसला.

तिथंच तात्याबा भेटला. जनावरांचा दलाल, म्हणजे तिकडच्या भाषेत हेडी. साठ-सत्तरचा गडी, खांद्यावर पांढरं उपरणं. या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही काय ठरलं ते. विश्वजीतनं लहानपणी हे लांबून बघितलं होतं, कधी हात घातला नव्हता.

"घाला की सायब हात," तात्याबा म्हणाला. "काय इकायचंय?"

आता ही थट्टाच होती. विश्वजीतनं हनुवटीनं आबांकडं खूण केली. "हे. वय एक्क्याऐंशी, खाणंपिणं झकास, कामाला मात्र कुचकामी. काय देता बोला."

भोवतीचे खो खो हसले. आबाही हसले, सगळे हसतायत म्हणून. तात्याबानं हसत हसत विश्वजीतच्या उजव्या हातावर उपरणं टाकलं. डाव्या हातात आबांचं मनगट होतंच.

आत लगेच एका हातानं त्याचा हात धरला. कोरडा, गार, खरबरीत हात. त्यानं विश्वजीतचं एकेक बोट दाबलं. एक, दोन, तीन, चार. मग थांबला. दाब असा होता की जणू समोरच्याला पक्कं ठाऊक आहे, या माणसाला काय हवंय ते. विश्वजीतनंही गमतीत दाबून उत्तर दिलं आणि बाजारातल्या रिवाजाप्रमाणं मोठ्यानं म्हणाला, "दिला!"

हात सुटला. समोर तात्याबा डाव्या तळव्यावर उजव्या अंगठ्यानं तंबाखू मळत होता. दोन्ही हात उघडे.

"थांबा की सायब," तो म्हणाला. "आजून म्या हात कुठं घातलाय?"

विश्वजीत बघत राहिला. मग तात्याबानंही बघितलं. हातावर नुसतं उपरणं लोंबत होतं आणि आजूबाजूला चार हातांच्या आत दुसरं कुणी नव्हतं. तात्याबानं तंबाखू टाकून दिली, उपरणं उचललंही नाही, आणि बैलांच्या रांगेतून भराभरा निघून गेला.

३

लॉजवर आल्यावर आबांचा सदरा बदलताना त्याला गुलाल दिसला. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तळहाताएवढा. विकलेल्या बैलाच्या पाठीवर असाच गुलाल फासतात, हे त्याला आठवलं आणि स्वतःचंच हसू आलं. जत्रेत गुलाल कुणाला लागत नाही? त्यानं ओल्या टॉवेलनं पाठ पुसली, धुतलेला सदरा चढवला.

दहा मिनिटं पडावं म्हणून तो आडवा झाला तो साडेपाचला उठला. साडेचार तास! पाऊस थांबल्यावर जसं मोकळं वाटतं तसं वाटत होतं. खांद्यातली कळ गेली होती. मग एकदम आठवलं. आबा! दाराला कडी लावलेली नव्हती.

आबा कॉटच्या कडेवर बसले होते. दुपारी बसवलं होतं तसेच, हात मांडीवर, तोंड दाराकडं. गेल्या दोन वर्षांत हा माणूस एका जागी पाच मिनिटं टिकला नव्हता.

"आबा, चहा घेणार?"

"मालक आलं म्हंजी घिऊ."

"कोण मालक?"

आबा दाराकडंच बघत राहिले. गाडी कुठं चाललीय, हेही विचारलं नाही. नव्या सदऱ्यावर, त्याच जागी, पुन्हा गुलाल होता.

त्यानं राजेश्वरीला फोन लावला. काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "किती दिवसांनी तुमचा आवाज मोकळा वाटतोय! झोपलात वाटतं?" तिच्या आवाजातला आनंद ऐकून त्याला पुढचं काही सांगता आलं नाही.

फोन ठेवला तेव्हा बाहेरच्या बोळातून आवाज आला. फरशीवर काठी टेकत कुणी तरी येत होतं. ठक. मग थोडं थांबून ठक. मधल्या खोल्या ओलांडून आवाज त्यांच्या दाराशी आला आणि थांबला. आबा उठून उभे राहिले, एखाद्याची चाहूल ओळखल्यासारखे.

विश्वजीतनं दार उघडलं. बोळात उन्हाची तिरीप होती, माणूस नव्हता. उंबऱ्याशी बैलाला बांधायचा एक सुती कासरा गुंडाळून ठेवलेला होता. नवाकोरा, अजून गाठसुद्धा न मारलेला.

खाली मॅनेजरनं कासरा हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "बाजारकऱ्याचा ऱ्हायला आसंल कुणाचा तरी. आज सगळ्या खोल्या त्यास्नीच दिल्यात की."

बरोबर आहे, विश्वजीतनं स्वतःला सांगितलं. अगदी बरोबर. आणि आबांचं मनगट धरून तो तडक बाजाराकडं निघाला.

४

बाजार मोडत आला होता. तात्याबा टेम्पोच्या सावलीत बसला होता. या दोघांना बघून तो उठला नाही, पण आबांच्या पाठीकडं एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली.

"तात्याबा, तो हात कुणाचा होता?"

"म्या बघितला न्हाई. बघितला आस्ता तर हितं बसलो नस्तो."

"मी थट्टा केली हो. सगळ्यांना कळलं ना, थट्टा होती ती."

तात्याबानं हातातली काडी मोडली. "सायब, चाळीस वर्सं ह्या धंद्यात हाय. उपरण्याखाली गेल्यावर थट्टा न्हाई चालत. वरनं माणूस काय बी बोलतो. आत बोटं खरं बोलत्यात." मग त्यानं मान वर केली. "एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं? बोट दाबताना मनात काय हुतं?"

विश्वजीतला उत्तर माहीत होतं. मनात झोप होती. एक अख्खी, सलग, कुणी हाक न मारणारी झोप. त्यानं आबांच्या मनगटावरची पकड बदलली.

"आसू द्या," तात्याबा म्हणाला. "ऐका. सौदा झाला म्हंजी जनावर लगीच जात न्हाई. नवा धनी यितो, हुबा ऱ्हातो, वाट बघतो. पर जुन्या धन्यानं आपल्या हातानं दावं त्येच्या हातात दिलं तरच ते गेलं. दिलं न्हाई तर न्हाई. मग कुणाच्या बापाची ताकद न्हाई न्ह्यायची. म्हाताऱ्याचा हात सोडू नका. कुणाच्या हातात दिऊ नका. येवडंच."

"किती दिवस?"

तात्याबानं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत कीव होती. "त्ये आता तुमीच बघायचं, सायब. आजवर किती दिस धरलाय?"

परत येताना विश्वजीतनं ठरवलं. सांगली नाही. उद्या सकाळी सरळ पुणे.

त्या दिवशी नऊच्या आत तो झोपला, आबांचं मनगट घट्ट धरून. दहा तास झोपला. सकाळी उन्हात सगळंच हास्यास्पद वाटायला लागलं. उपरण्याखाली कुठल्या तरी टवाळानं हात घातला असणार, आणि तात्याबासारख्या म्हाताऱ्यांना असल्या गोष्टी रंगवून सांगायला आवडतातच. शिवाय राजेश्वरीचा मेसेज आला होता: अकराची वेळ आहे ना? नुसतं बघून तरी या. नुसतं बघायला काय हरकत आहे, असं म्हणत त्यानं कराडची वाट धरली आणि तिथून सांगली.

पूर्ण रस्ताभर आबांनी एकही प्रश्न विचारला नाही. दोन वर्षं त्या प्रश्नानं त्याचं डोकं उठवलं होतं. आता इस्लामपूर मागं पडेपर्यंत त्याला तो प्रश्न ऐकावासा वाटायला लागला.

"आबा, विचारा की, गाडी कुठं चाललीय."

आबा काचेतून बाहेर बघत होते. "ठावं हाय की."

५

सांगलीत ते लवकर पोचले. त्यानं आबांना गणपतीचं देऊळ दाखवलं, घाटावर नेलं. कृष्णा संथ होती, पायऱ्यांवर सुट्टीची माणसं फोटो काढत होती. बाजूच्या दुकानात त्यानं भडंग घेतलं आणि आबांना एकेक घास भरवला. डाव्या हाताची पकड त्यानं क्षणभरही सोडली नाही. दुकानदारानं सुटे पैसे पुढं केले तेही त्यानं राहू द्या म्हणून सांगितलं.

वृद्धनिवास स्वच्छ होतं. चपला-बूट व्हरांड्यातच काढायचे, आत थंडगार फरशी, भिंतीवर वाढदिवसांचे फोटो. कुठूनसा वरणाला दिलेल्या फोडणीचा वास येत होता. व्यवस्थापिका माया मॅडम मोठ्या प्रेमळ बाई होत्या. त्यांनी खोली दाखवली: दोन कॉट, एक खिडकी, खिडकीबाहेर चिंच. एका कॉटवर गादी गुंडाळलेली होती.

"आजोबा," त्यांनी आबांपुढं वाकून विचारलं, "इथं राहायला आवडेल का तुम्हाला?"

"मालक म्हणत्याल तसं," आबा म्हणाले. बोलताना ते विश्वजीतकडं बघत नव्हते. ते दाराकडं बघत होते, आणि दारात कुणी नव्हतं.

विश्वजीतनं बापाकडं बघितलं. या माणसानं त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. रजेवर आला की पहिल्यांदा त्याच्या वह्या बघितल्या होत्या. कधी मारलं नव्हतं, कधी फार जवळही घेतलं नव्हतं, पण सैन्यातून पाठवलेल्या प्रत्येक पत्रात शेवटी 'विशूस आशीर्वाद' असायचंच. त्याचं आपल्या बापावर प्रेम होतं. थकव्याखाली ते इतकं दबून गेलं होतं की आत्ता वर आलं तेव्हा त्याला रडू फुटलं.

"नको मॅडम," तो म्हणाला. "माफ करा. तुमचं सगळं चांगलं आहे. पण मी घेऊन जातो यांना."

माया मॅडमना याची सवय असावी. त्यांनी नुसती मान हलवली. "पुष्कळ जण असं करतात. काही वाईट वाटून घेऊ नका."

६

व्हरांड्यात त्याला हलकं वाटत होतं. राजेश्वरीला काय सांगायचं, एखादी बाई ठेवता येईल का, शनिवारची सुट्टी मागून घेता येईल का, असं सगळं एकाच वेळी डोक्यात चाललं होतं. आबांच्या पायात चप्पल सरकवली. त्याच्या स्वतःच्या बुटाला नाड्या होत्या. नाड्या बांधायला दोन हात लागतात.

शेजारी सेवक उभा होता. त्यांच्यासाठीच थांबल्यासारखा.

"जरा धरा हं यांना," असं म्हणून विश्वजीतनं आबांचा हात त्याच्या हातात दिला आणि वाकला.

नाडी ओढताना त्याला बाजूला पाय दिसले. अनवाणी, भेगाळलेले, घोट्यापर्यंत गुलालानं माखलेले. त्यांच्याशेजारी आबांच्या चपला. मग चपला हलल्या.

त्यानं वर बघितलं तेव्हा व्हरांडा रिकामा होता. अंगणही रिकामं, फाटक उघडं. तो रस्त्यावर धावला. रविवारच्या दुपारचा रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर सरळ दिसत होता आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यानं हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

"कुठल्या सेवकाकडं दिलंत?" माया मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या. "आज रविवार आहे. दोघीच मुली आहेत कामाला, त्या आत स्वयंपाकघरात आहेत."

पोलीस आले. घाटावर माणसं गेली, स्टँडवर गेली, फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. संध्याकाळी हवालदारानं व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. आवाज नव्हता, नुसतं चित्र.

पडद्यावर विश्वजीत आबांना चप्पल घालतो. मग बाजूला वळून कुणाशी तरी बोलतो. तिथं कुणीच नाही. तो आबांचा हात उचलतो, रिकाम्या हवेत पुढं करतो, सोडतो. हात खाली पडत नाही. तसाच राहतो, धरल्यासारखा.

"कोण दिसत होता तुमास्नी?" हवालदारानं विचारलं.

"सेवक. म्हणजे, मी चेहरा बघितला नाही."

तो हात कोरडा होता, गार होता, खरबरीत होता. देताना त्या बोटांनी त्याच्या तळव्यावर हलकंसं दाबलं होतं. त्यानं हात ओळखला होता. हे त्यानं हवालदाराला सांगितलं नाही.

पडद्यावर आबा हात पुढं धरून अंगणातून चालत होते, ताठ पाठीनं, भराभरा, दोन वर्षांत चालले नव्हते तसे. फाटकाशी ते थांबले. वळले. व्हरांड्याकडं बघत उभे राहिले. त्यांचा पुढं धरलेला हात दोनदा हिसकला गेला, तरी ते हलले नाहीत. मुलगा वर बघेल म्हणून वाट बघत राहिले.

कोपऱ्यात सेकंद पळत होते. पंधरा. वीस. पंचवीस.

"एवढा वेळ नाड्या बांधत होतात?" माया मॅडमनी हळूच विचारलं.

विश्वजीत पडद्यावरच्या स्वतःकडं बघत होता. दोन्ही नाड्या बांधून झाल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर सैल पडले होते, आणि तरीही तो माणूस मान खाली घालून तसाच वाकलेला होता, आबा वळून निघून जाईपर्यंत.